दोन सतराची नोंद

३ मार्च

ठमे,

सुरुवात कशी करावी यातच तीन कागद फाडले. 'प्रिय' लिहिलं तर तू पुढे वाचणार नाहीस, आणि नुसतं नाव लिहायला हात धजला नाही. म्हणून लहानपणीचंच लिहिलं. कमरेवर हात ठेवून अख्ख्या घराला शिस्त लावायचीस म्हणून आई तुला ठमाकाकू म्हणायची, त्याची मी ठमी केली. आता या नावाने हाक मारणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि मी मारावी असं तुला वाटण्याचंही काही कारण नाही.

पत्ता तुझ्या वहिनीच्या वहीतून घेतला. तिला न विचारता. तू चष्म्याच्या दुकानात काउंटरला असतेस एवढं ती मागे एकदा बोलून गेली होती, आणि लगेच जीभ चावून भांडी घासायला लागली होती. घासलेलीच भांडी.

कामाचं लिहितो. या एकतीस तारखेला मी रुग्णालयातून निवृत्त होतोय. संगणक विभागात एकतीस वर्षं काढली. जाता जाता अधीक्षकांनी एक काम गळ्यात मारलंय: नव्या कर्मचाऱ्यांसाठी संगणक सुरक्षेच्या शब्दांची सोळा पानी पुस्तिका. मराठीत. "शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना समजली पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, शिपायाचं बघतो, सर्जनचं वचन देत नाही." हसले बिचारे.

पण मला लिहिता कुठे येतं? शाळेतले माझे निबंधसुद्धा तू तपासायचीस, सहा वर्षांनी लहान असून. लाल पेन घेऊन बसायचीस आणि म्हणायचीस, "दादा, तू वाक्य सुरू करतोस आणि मधेच सोडून पळून जातोस." खरंच होतं ते. म्हणून पुस्तिकेचा मसुदा सोबत पाठवतोय. वेळ मिळाला तर बघ.

पहिल्या पानावर तीन शब्द आहेत. लॉगिन नाव म्हणजे आपण कोण हे संगणकाला सांगणं. पासवर्ड म्हणजे ते खरं आहे असं त्याला पटवून देणं. आणि अधिकार म्हणजे, पटल्यावर आतल्या किती खोल्या आपल्यासाठी उघडायच्या ते. लोक या तिन्हींची फार गल्लत करतात. त्यांना वाटतं, नाव सांगितलं की सगळं घर आपलं. जरा बरं जमलंय का ते सांग.

आणखी एक. नोंदी, म्हणजे आमच्या भाषेत लॉग, सात वर्षं ठेवायच्या आणि मग पुसायच्या असा नियम आहे. तुझ्या त्या वर्षाच्या नोंदी या एकतीसला पुसल्या जातील. पुसण्याच्या कागदावर सही माझी लागते. तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

तुझा दादा


९ मार्च

ठमे,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण टपालपेटी दोनदा उघडून बघितली हे खरं.

गेल्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सहा दिवस टोचतंय. 'बाकी काही नाही' म्हणे. तू लाल पेनाने तिथेच गोल केला असशील.

त्या दुपारी काय झालं ते मी तुला काय सांगणार. पण मी ते कधी ओळीने लिहूनच काढलेलं नाही. चौकशीत लिहिलं ते वेगळं. आज लिहितो. चुकलं तर दुरुस्त कर.

रक्तपेढीत तुझ्या टेबलावर दोन बायकांच्या रक्ताच्या नळ्या होत्या. पहिलीची माहिती तू संगणकात भरलीस, दोन वाजून दहा मिनिटांनी लेबल छापलंस, नळीला चिकटवलंस. दुसरीची माहिती भरून होते न होते तोच कसलीशी बाटली कलंडून तुझ्या ॲप्रनवर सांडली. तू ॲप्रन बदलायला गेलीस. बाकीचे दोघे जेवायला गेले होते. तू परत आलीस तेव्हा लेबलाच्या प्रिंटरला एक लेबल लोंबत होतं. तुला वाटलं, जाण्याआधी आपणच दुसरीचं छापलं. ते न वाचता तू दुसऱ्या नळीला लावलंस. ते पहिलीचंच होतं, पुन्हा छापलेलं. अशा रीतीने दुसरीचं रक्त पहिलीच्या नावावर तपासलं गेलं. पहिलीची शस्त्रक्रिया घाईची होती, पुढची पडताळणी घाईत राहिली, तिला भलत्याच गटाचं रक्त चढलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला दोन मुली होत्या.

चौकशीत तू म्हणालीस, "लेबल वाचलं नाही, ही माझी चूक. त्याची काय ती शिक्षा द्या. पण दुसऱ्यांदा छापलं ते मी नाही. त्या वेळी मी टेबलावर नव्हतेच."

लॉगमध्ये मात्र दोन सतराला दुसरी छपाई होती, आणि समोर तुझं नाव होतं.

अध्यक्षांनी मला विचारलं, "यांच्या लॉगिनवर दुसरं कोणी काम करू शकतं का?" मी म्हणालो, "नाही साहेब. दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की स्क्रीन आपोआप बंद होते आणि पासवर्ड मागते. लॉग खोटं बोलत नाही."

नुसतं न वाचल्याबद्दल तुला ताकीद मिळाली असती, फार तर सहा महिने घरी बसवलं असतं. समितीसमोर खोटं बोललीस असं ठरलं म्हणून तंत्रज्ञ म्हणून तुझी नोंदणीच रद्द झाली. हे मला तेव्हाही समजत होतं.

आता ऐक. मसुद्याच्या पाचव्या पानावर एक नोंद आहे: 'आपोआप कुलूप'. मी लिहिलंय, माणूस उठून गेला तरी त्याच्या नावाने दुसऱ्याला काम करता येऊ नये म्हणून ठरावीक वेळाने स्क्रीन बंद होते ती सोय. छान लिहिलंय. पण तुझ्या टेबलावर ती सोय नव्हती, ठमे. मी काढून टाकली होती. दोन महिने आधी तुमच्या प्रमुख बाई माझ्याकडे आल्या होत्या. "साहेब, दर दोन मिनिटांनी हातमोजे काढा, पासवर्ड टाका, नवे हातमोजे घाला! माणसं रक्त तपासणार की हातमोजे बदलत बसणार? काहीतरी करा ना." सगळं तोंडी. ना अर्ज, ना कागद. मला काय, दोन बटणांचं काम. बाई खूश, मी खूश. ती रुग्ण बाई गेल्याचं कळलं त्या सकाळी आठच्या आत मी ऑफिसात होतो आणि ते कुलूप परत लावलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते असं. समितीने तपासलं तेव्हा कुलूप व्यवस्थित चालू होतं.

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "दादा, स्क्रीन उघडीच असते, तुला माहीत आहे." मी तुझ्याकडे न बघता अध्यक्षांना म्हणालो, "नियम दोन मिनिटांचा आहे." नियम दोन मिनिटांचाच होता. प्रमुख बाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनाही नोकरी होती.

कुलूप मी कधी काढलं आणि कधी लावलं, हेही लॉगमध्ये आहे. तो लॉग कोणी मागितला नाही. एकतीसला पुसला जाणार आहे तो हाच.

दादा


१४ मार्च

ठमे,

आज आईबद्दल.

तुझा निकाल लागल्यावर मला प्रशस्तिपत्र मिळालं हे तुला माहीत नसावं. 'सख्ख्या नात्याचीही भीड न बाळगता सत्य सांगितल्याबद्दल.' वर लाकडी चौकट. पुढच्या वर्षी विभागप्रमुख झालो. आईने ते बाहेरच्या खोलीत लावून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवायची आणि वाचता वाचता रडायची. लोकांना वाटायचं अभिमानाने रडतेय.

तुम्ही दोघी शेवटच्या फोनवर बोललात तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो. आई म्हणाली, "अगं, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. तुझा दादा कशाला खोटं बोलेल?" तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर आईने सांगितलं. तू म्हणालीस, "झाली ती म्हटली, आई. न झालेली कुठून आणू?" त्यानंतर तुझा फोन आला नाही.

शेवटच्या आजारात एका संध्याकाळी तिने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी गेला होता. म्हणाली, "तिला खोटं बोलायची सवय कधी लागली रे? लहानपणी तर नव्हती."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

एवढंच केलं, ठमे. तोंडाशी आलं होतं. पांघरुणाचं एक टोक गादीखाली गेलं होतं, ते ओढून काढलं, नीट घातलं, आणि म्हटलं, "आता जरा पड." तिसऱ्या दिवशी ती गेली. तू आलीस, दारात उभी राहिलीस, चपलासुद्धा काढल्या नाहीस. मी आतून उठून येईपर्यंत जिना उतरून गेली होतीस. लोक म्हणाले, काय मुलगी आहे. मी तेही ऐकून घेतलं.

या पत्राखाली 'दादा' लिहवत नाही.


२१ मार्च

ठमे,

गेला आठवडाभर पुस्तिकेच्या सहाव्या पानावर अडकलोय. शब्द आहे 'लॉग'. मी लिहिलं: 'कोणी, कधी, काय केलं याची संगणकाने ठेवलेली नोंद.' वाक्य सरळ आहे. खोडायला काही नाही. तरी पुढे जाता येत नाही.

तुला आठवतं, मला पोहायला येत नसताना मी विहिरीत उतरलो होतो आणि आईला सांगितलं होतं की पाय घसरला? तू तेव्हा पाच वर्षांची. मला बाजूला घेऊन म्हणालीस, "दादा, तू अर्धंच सांगितलंस." आणि आईला बोलली मात्र नाहीस. आत्ताही मी तुला अर्धंच सांगितलंय. स्क्रीन उघडी होती हे सांगितलं. मग उघड्या स्क्रीनवर दोन सतराला बटण कोणी दाबलं?

मी.

त्या दिवशी सकाळच्या पाळीतल्या माणसाने तक्रार टाकली होती की तुमच्या टेबलावरच्या प्रिंटरचं छापलेलं पुसट येतं. तुला ठाऊक नव्हतं. माझ्या हाताखालची माणसं दुसरीकडे गुंतली होती, म्हणून शाईची नवी फीत घेऊन मीच आलो. खोलीत कोणी नव्हतं. तुझी स्क्रीन उघडी. फीत बदलली. ती नीट बसली का बघायला काहीतरी छापून बघावं लागतं. खरं म्हणजे त्यासाठी माझ्या स्वतःच्या नावाने आत जायचं, कोरं नमुना लेबल छापायचं. पण कोण एवढं करतं? आम्ही सगळेच तेच करायचो: समोर जे उघडं असेल त्यात 'शेवटचं लेबल पुन्हा' दाबायचं. दाबलं. काळंभोर, सुंदर लेबल आलं. मी स्वतःशीच 'वा!' म्हणालो. ते फाडून खिशात टाकणार, एवढ्यात फोन वाजला, लेखा विभागाचा सर्व्हर बंद पडला होता. बोलत बोलत निघालो. लेबल तिथेच लोंबत राहिलं.

दाराबाहेर वळताना तुझ्या ॲप्रनची पाठ मला लांब दिसली असावी. तुला हाकसुद्धा मारली नाही, घाईत होतो. हाक मारली असती तर तू विचारलं असतंस, "काय दादा, इकडे कुठे?" आणि मी म्हणालो असतो, "तुझा प्रिंटर ठीक केला." एवढ्यावर ती बाई वाचली असती.

चौकशीच्या आदल्या दिवसापर्यंत मला खरंच लक्षात आलं नव्हतं. वेळेचा कागद हातात आला, दोन सतरा वाचलं आणि त्या वेळी मी कुठे होतो ते आठवलं. मग मी काय केलं? गप्प बसलो. एकदा म्हटलं, समितीच शोधून काढेल. मग म्हटलं, एवढ्याशा चुकीसाठी माझी नोकरी, मुलीचं शिक्षण. मग म्हटलं, शेवटी लेबल न वाचणारी तीच ना. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. आणि मग अध्यक्षांनी विचारलं, आणि मी 'लॉग खोटं बोलत नाही' म्हणालो. तुझी सगळी दारं लावायचा अधिकार माझ्याकडे होता, तो मी वापरला. कुंपणानेच शेत खाल्लं.

सगळ्यांत जास्त काय खातं सांगू? तू स्क्रीन उघडी असते म्हणालीस. प्रमुख बाईंना विचारा म्हणालीस. जेवायला गेलेल्या दोघांवर संशय घेऊ नका, ती चांगली माणसं आहेत, असंही म्हणालीस. पण 'दादा, तू तर आला नव्हतास ना?' असं एकदाही विचारलं नाहीस. तुझ्या मनातच आलं नसणार.

पुरावा आहे. प्रिंटर स्वतःची वेगळी नोंद ठेवतो: दोन सोळाला फीत बदलली, बदलणाऱ्याचा संकेतांक अमुक. तो संकेतांक फक्त माझा होता. ती नोंद कुठे असते हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नाही आणि कोणी विचारलंही नाही. दहा दिवसांनी ती पुसली जाईल. मग तुझ्या बाजूने बोलणारं जगात काही उरणार नाही. मी उरेन, पण माझ्या बोलण्याला तेव्हा कोण विचारणार? म्हातारा बहिणीसाठी रचून सांगतोय म्हणतील.

काल तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. पालेभाजी निवडत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सात वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात."

मी म्हटलं, "अगं, ऐक तरी..."

"ऐकलं की. आता तुम्ही ऐका. माझ्या नणंदेला मी चोरून फोन करायचे. चोरून! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." भाजी तशीच टाकून आत गेली. आज सकाळी लेकीकडे गेली. किल्ली शेजारी ठेवलीय.

मला भीती वाटते, ठमे. तुला खोटं सांगणार नाही. एकतीसला सही करून, शाल-श्रीफळाऐवजी मिळेल ते घड्याळ हातात बांधून घरी यावं, आणि हे सगळं पुसलं जावं, असंही मनात येतं. दिवसातून दहा वेळा येतं.


३१ मार्च

ठमे,

सही केली नाही.

पंचवीसला अधीक्षकांकडे गेलो. दोन पानी लेखी जबाब, कुलूप काढल्या-लावल्याच्या नोंदी, प्रिंटरची नोंद, सगळं एका पाकिटात. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, "सहा दिवस राहिलेत हो तुमचे. कशाला हे उकरताय?"

म्हटलं, "साहेब, सहा दिवसच राहिलेत म्हणूनच."

"तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? चौकशी होईल. गुन्हासुद्धा दाखल होऊ शकतो."

"कळतंय."

"आणि ती पुस्तिका?" असं विचारलं त्यांनी! गोंधळले होते बिचारे. मी म्हटलं, एक शब्द राहिलाय.

नोंदी पुसायला आमच्याकडे दोन माणसं लागतात, एकट्याला पुसता येत नाहीत. दुसरी किल्ली माझ्या सहकारी बाईंकडे असते. बारा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसल्या त्या. त्यांना म्हटलं, त्या वर्षाच्या नोंदींना हात लावायचा नाही, कोणी सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "साहेब, नव्या माणसांना तुम्ही पहिल्या दिवशी तेच वाक्य शिकवता. लॉग खोटं बोलत नाही. मीपण पुढे शिकवते."

सव्वीसला सकाळी बसलो तर पासवर्ड चालेना. तीनदा टाकला. नियमच आहे, चौकशी सुरू झाली की त्या माणसाचे अधिकार आधी काढून घ्यायचे; तो नियम मीच लिहिलाय. स्क्रीनवर आलं, 'या नावाला परवानगी नाही.' तुझं नाव मी असंच बंद केलं होतं, ठमे. चौकशीच्या संध्याकाळी, घरी जायच्या आधी. तुझ्या खणात तुझा डबा राहिला होता आणि तुला आत सोडत नव्हते म्हणून तू फाटकाशी उभी होतीस. मी तुझ्या समोरून स्कूटर काढली.

निरोप समारंभ रद्द झाला. खुर्च्या मांडल्या होत्या त्या मी बघितल्या, उचलतानाही बघितल्या. प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढून परत केलं. रक्त चढून गेलेल्या त्या बाईंच्या घरच्यांनाही पत्र लिहिलं. त्यांनी काय करायचं ते ते ठरवतील.

तुझ्याकडे काही मागत नाही. क्षमा तर नाहीच. समिती तुला बोलावेल तेव्हा ये, एवढंच. नाही आलीस तरी कागद बोलतील.


१८ जून

ठमे,

समितीचा निकाल तुला मिळालाच असेल. 'दुसरी छपाई संबंधित तंत्रज्ञाने केली नव्हती. तिने समितीसमोर सत्य सांगितलं होतं.' नोंदणी परत मिळेल. तू हजर राहिली नाहीस, अर्ज मात्र पाठवलास, टाइप केलेला, चार ओळींचा. माझ्यावर खटला उभा राहतोय. वकील म्हणतो, वय बघून सांभाळून घेतील. मी म्हटलं, बघू.

वहिनी परत आलीय. बोलते. पानं दोन वाढते, जेवायला मात्र मी उठल्यावर बसते.

गेल्या सोमवारी तुझं पाकीट आलं. अक्षर ओळखलं आणि तसंच हातात धरून जिन्यातच बसलो. वहिनी वरून म्हणाली, "उघडा तरी." आत चिठ्ठी असेल असं वाटलं. दोन शब्द, शिवी, काहीही. चिठ्ठी नव्हती. पुस्तिकेची पानं होती, मी पाठवलेली, सगळीच्या सगळी, कोपरे जुळवून टाचणी लावलेली. एक एक पान उलटत गेलो. कुठेही लाल खूण नाही. लॉगिन नाव, पासवर्ड, अधिकार, सगळं जसंच्या तसं. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही तशाच. तुला त्या दिसल्या नाहीत असं होणार नाही. तुला त्यांच्याशी आता घेणं नाही.

सहाव्या पानावर मात्र लाल पेन होतं. 'कोणी, कधी, काय केलं याची संगणकाने ठेवलेली नोंद' यातला पहिला शब्द तू खोडलायस आणि 'केलं'सुद्धा. वर तुझ्या त्या उभ्या, टोकदार अक्षरात लिहिलंयस. आता ते असं वाचलं जातं:

'कोणाच्या नावावर, कधी, काय झालं याची संगणकाने ठेवलेली नोंद.'

सात वर्षांपूर्वी हे एक वाक्य मी अध्यक्षांना सांगितलं असतं तर पुरलं असतं.

सहकारी बाईंना ते पान नेऊन दिलं. फाटकाशीच, आत मला सोडत नाहीत. पुस्तिकेवर माझं नाव राहणार नाही, ते योग्यच आहे. त्यांनी वाचलं, मान हलवली, म्हणाल्या, "हेच शिकवते आता." काल छापून आली. एक प्रत सोबत ठेवली आहे, परत पाठवलीस तरी चालेल.

दुसरी प्रत आईच्या फोटोपुढे ठेवली आणि सहावं पान तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने विचारलं होतं तेव्हा मी पांघरूण सारखं करत होतो.

तुझा दादा